ट्रिम बंद, डोकंही बंद

तुझा बॉयलर पाहून झाला. आता मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये 'पण सर' म्हणायचं नाही. ते 'पण' तू गेले आठ महिने स्वतःलाच सांगत आलायस. पॅनलमध्ये अलार्मच्या नोंदी तारखेनिशी राहतात, हे तू विसरलास. मी नाही विसरलो.

शेठनी मला आधी भिंतीवरचा फळा दाखवला. 'बॉयलर एफिशियन्सी ९२ टक्के', रंगीत खडूनं, भोवती वेलबुट्टी. मग नवा बर्नर दाखवला, मग स्क्रीन दाखवला. स्क्रीनखालचा ट्रिमचा, म्हणजे चिमणीतला ऑक्सिजन पाहून हवा आपोआप आवळणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्रणेचा, सिलेक्टर स्विच मात्र त्यांनी दाखवला नाही, कारण तो त्यांना माहीतच नाही. मला दिसला. 'मॅन्युअल'वर. शेजारी लाल दिवा लागलेला आणि त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. तुझा फायरमन म्हणाला, रात्री डोळ्यांत येतो. अरे, डोळ्यांत यावा म्हणूनच तो लाल असतो!

मग मी लॉगबुक उघडलं. ऑक्सिजनच्या रकान्यात ओळीनं ३.०, ३.०, ३.०. एका हातानं, एका पेनानं, एका दमात. त्याच पानावर पहाटे दोन ते तीन वीज गेल्याची नोंद आहे, म्हणजे बॉयलर बंद. आणि त्या तासालाही ऑक्सिजन ३.०. बंद पडलेल्या बॉयलरच्या चिमणीत थोड्या वेळानं नुसती हवा उरते आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. खोटं लिहायलाही थोडं शास्त्र लागतं, तेवढंही तुझ्या पाळीत उरलेलं नाही. आणि पानाखाली सही कुणाची? त्या फायरमनची नव्हे. तुझी.

मी माझा ॲनालायझर लावला. आकडा आला ८.

आठ म्हणजे काय, सांग बघू. परीक्षेत हा प्रश्न तू बरोबर सोडवला होतास म्हणून विचारतोय. चिमणीतला ऑक्सिजन घे, तो २१ मधून वजा कर, जे उरलं त्यानं त्याच ऑक्सिजनला भाग आणि शंभरानं गुण. तीनला जादा हवा येते १७ टक्क्यांच्या आसपास. आठला येते ६१-६२. एक घनमीटर नैसर्गिक वायू पुरता जाळायला साडेनऊ घनमीटरच्या आसपास हवा पुरते. ज्वाळेत गॅसच्या प्रत्येक कणाला त्याचा ऑक्सिजन वेळेवर भेटेलच असं नाही, म्हणून थोडी जादा द्यावी लागते. चांगल्या गॅस बर्नरला पंधरा टक्के जादा भरपूर झाली. तेलाला जरा अधिक. तू देतोयस साठ. या जादा हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजन आहे, आणि नायट्रोजन हा बिनतिकिटाचा प्रवासी. तीस अंशांवर आत चढतो, तुझ्या गॅसवर गरम होतो आणि दोनशेवीस अंशांना चिमणीतून उतरून जातो. जळायला काडीची मदत करत नाही. उरलेला पंचमांश ऑक्सिजन, तोही न जळता तसाच बाहेर.

आता पैशाचं बघू, कारण तुमच्या ऑफिसात तीच एक भाषा चालते. तीन टनांचा बॉयलर. शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला किलोला ५४० किलोकॅलरी धरल्या, तर पूर्ण भाराला ताशी सोळा लाख वीस हजार. ८० टक्के कार्यक्षमतेनं आणि घनमीटरला ९,४०० किलोकॅलरीच्या गॅसनं ते ताशी २१५ घनमीटर होतात. तुझा सरासरी भार साठ टक्के, म्हणजे १३० घनमीटर. दिवसाला वीस तास, वर्षाला तीनशे दिवस; वर्षाचा गॅस झाला सात लाख ऐंशी हजार घनमीटर. झीगर्टचं सूत्र आठवतं? चिमणीचं आणि बाहेरचं तापमान, मध्ये ऑक्सिजन. १९० अंशांच्या फरकाला ऑक्सिजन तीन असताना चिमणीतून पावणेनऊ टक्के उष्णता जाते, आठ असताना सव्वाअकराच्या वर. फरक २.७ टक्क्यांचा. वर्षाकाठी एकवीस हजार घनमीटर. गुणिले तुझ्या बिलावरचा दर. तो गुणाकार तू कर, मी नाही करणार. आणि ही कमीत कमी रक्कम आहे, कारण हवा जादा झाली की वायू ट्यूबमधून घाईनं पळतात, उष्णता सोडायला त्यांना वेळ मिळत नाही आणि चिमणीचं तापमान चढतं. दर बावीस अंशांना एक टक्का गेला म्हणून समज.

'पण सर, धूर कुठे आहे?' म्हणालास ना तिथे? शेठसमोर मी गप्प बसलो. आता ऐक.

तुझं सगळं पाणी इथेच मुरतंय. हवा कमी पडली की बॉयलर बोंब मारतो. काळा धूर येतो, काजळी धरते, गॅस असेल तर ज्वाळा गुरगुरते, दारं थरथरतात, शेजारचा कारखाना तक्रार करतो, प्रदूषण मंडळाचा माणूस येतो. हवा जादा झाली की काय होतं? काही नाही. चिमणी स्वच्छ, ज्वाळा आखूड नि निळी, बॉयलर हाउस शांत. जे चुकलं ते फक्त गॅसच्या बिलात दिसतं, आणि बिल तू पाहत नाहीस, अकाउंटंट पाहतो. तो म्हणतो गॅस महागला. म्हणून प्रत्येक फायरमन, प्रत्येक सुपरवायझर, सर्व्हिसला येणारा प्रत्येक पोरगा हवा वाढवत नेतो. कमी ठेवली तर बोलणी खायची, जास्त ठेवली तर कुणी विचारत नाही. 'थोडी जास्त असलेली बरी' हे तुमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. फर्नेस ऑइलवर होतात तेव्हा निदान ज्वाळेच्या रंगावरून जुना फायरमन काहीतरी अंदाज बांधायचा. गॅसच्या ज्वाळेत जादा हवा डोळ्यांना दिसत नाही. चष्मा लावून बघ, दुर्बीण लावून बघ, नाही दिसत. ती मोजावीच लागते.

आम्ही ऑर्सॅटवर मोजायचो. काचेच्या नळ्या, एका भांड्यात कॉस्टिक पोटॅश कार्बन डायऑक्साइड शोषायला, दुसऱ्यात पायरोगॅलॉल ऑक्सिजन शोषायला, तिसऱ्यात क्युप्रस क्लोराइड कार्बन मोनॉक्साइडला. नमुना खालीवर करत बसायचं, बोटं काळी व्हायची, आणि उत्तर हाती येईपर्यंत भार बदललेला असायचा. तुला ती कटकट नको म्हणून जगानं तुझ्यासाठी झिर्कोनियाचा प्रोब केला. सातशे अंशांच्या आसपास तापवलेली ती चिनीमातीसारखी नळी आतल्या आणि बाहेरच्या ऑक्सिजनमधला फरक सरळ विजेच्या दाबात सांगते. १९७६ साली तोच सेन्सर व्होल्वोच्या मोटारीत बसला. आज तुझ्या शेठच्या गाडीच्या एक्झॉस्टमध्येही आहे, आणि तो बिघडला तर डॅशबोर्डवरचा दिवा पाहून शेठ दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला धाडतात. गाडी किती पेट्रोल पिते आणि बॉयलर किती गॅस पितो, याचा हिशेब त्यांना एकदा समजावून दे. चिकटपट्टी त्यांनी गाडीतल्या दिव्यावर नाही लावली.

बरं, जुना बर्नर तुला आठवतोय. एकच मोटर, तिच्या शाफ्टवरून एक दांडा हवेच्या डँपरला, एक दांडा गॅसच्या व्हॉल्व्हला, सांध्यांना पिना. वर्षा-दोन वर्षांत पिना झिजायच्या, दांड्यांत खेळ यायचा, आणि मग भार चढताना पन्नास टक्क्यांवर ऑक्सिजन एक यायचा, उतरताना त्याच पन्नासवर दुसराच. तसल्या यंत्रावर कुणी नीट मेळ बसवूच शकत नव्हतं, म्हणून हवा जादा सोडणं हा नाइलाज होता. ती सबब मी तेव्हा चालवून घेतली. आता तुझ्याकडे दांडा नाही, पिना नाहीत. हवेला वेगळा सर्व्हो, गॅसला वेगळा सर्व्हो, दर फायरिंग रेटला दोघांची जागा कंट्रोलरमध्ये टाकलेली. त्याला कर्व्ह म्हणतात. भार वाढला की आधी हवा पुढे जाते आणि मग गॅस. भार उतरला की आधी गॅस मागे येतो आणि मग हवा, म्हणजे मधल्या क्षणातही ज्वाळा उपाशी राहत नाही. एवढं सगळं शिकून आलेलं यंत्र तुझ्या दारात उभं आहे आणि तू त्याचे डोळे बांधून ठेवलेस.

का बांधलेस, तेही मी शोधून काढलं. तुझ्या लोकांनी मला सांगितलं, ट्रिम नाटक करायचा. ऑटोवर ठेवला की बर्नर गुरगुरायचा, कार्बन मोनॉक्साइड चढायचा, एकदा बर्नर ट्रिपही झाला. मग सर्व्हिसचा पोरगा आला. त्याला तुम्ही सगळ्यांनी घेरलंत, 'हवा वाढवून दे, ट्रिम बंद कर, आम्हाला माल काढायचाय' म्हणालात, आणि त्या बिचाऱ्यानं सगळा कर्व्ह वर उचलून दिला. तुमची सही घेतली आणि गेला. तुम्हीही खूश, तोही खूश.

मी काय केलं? ॲनालायझरची नळी आधी ट्यूबच्या तोंडापाशी घातली: ८. मग चिमणीच्या पायथ्याला, जिथे तुझा ट्रिमचा प्रोब बसलाय, तिथे घातली: ९ च्या वर. दोन जागांमध्ये बर्नर नाही, काही नाही, मग ऑक्सिजन वाढला कुठून? प्रोबच्या आधीच्या फ्लँजचं गॅस्केट जळून गेलंय. उंच चिमणीच्या पायथ्याला ओढ असते. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते आणि थेट प्रोबच्या तोंडावर जाते. आता गणित लाव. प्रोबला तीन दाखवायला सांगितलंस. तो बाहेरची हवा धरून तीन मोजतो, म्हणजे प्रत्यक्ष ज्वाळेकडे उरतो एक-सव्वा. ट्रिमला वाटतं अजून हवा आहे, तो डँपर आवळतो. ज्वाळा गुदमरते, गुरगुरते, कार्बन मोनॉक्साइड वर जातो. ट्रिम नाटक करत नव्हता रे. त्याला जे दिसलं त्यावर तो चोख काम करत होता. त्याला खोटं कुणी दाखवलं? एका गॅस्केटनं. आणि गॅस्केट बदलायचं काम कुणाचं?

आणि प्रोबचं आणखी एक. शनिवारी रात्री प्लँट बंद करताना तुम्ही मेन स्विच पाडता, हे मला इलेक्ट्रिशियननं अभिमानानं सांगितलं. वीज वाचवतो म्हणे. प्रोबचा हीटरही त्याच स्विचवर. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, ते सगळं वाफ होऊन चिमणीत. बॉयलर थंड झाला की ओल प्रोबवर बसते, आणि सोमवारी सकाळी त्या ओल्या सिरॅमिकला एकदम तापवता. तडकणार नाही तर काय होईल? प्रोबला वेगळी लाइन दे आणि ती कायम चालू ठेव. त्या हीटरला लागणारी वीज तुझ्या केबिनमधल्या एसीपुढे किस झाडकी पत्ती.

'सर, मग ट्रिम काढूनच टाकला तर? कर्व्ह नीट बसवला की झालं ना?' हे तू विचारलंस, आणि एवढाच एक प्रश्न मला बरा वाटला. म्हणून रागावूनच उत्तर देतो. कर्व्ह हवेचं वजन जाणत नाही. त्याला फक्त डँपर किती अंश उघडला ते ठाऊक. पंखा ओढतो घनमीटर आणि ज्वाळेला लागतात किलो. मे महिन्यात दुपारी तुझ्या बॉयलर हाउसमध्ये ४० अंश असतात, जानेवारीच्या पहाटे १५. त्याच डँपरमधून पहाटे आठ-नऊ टक्के जास्त वजनाची हवा जाते. दुपारी ४० अंशांना बसवलेला तीनचा आकडा पहाटे ४.४ होतो. उलट, पहाटे तीन बसवला तर दुपारी तो दीडच्या खाली येतो आणि तुझं गुरगुरणं सुरू. म्हणून ट्रिम नसेल तर शहाणा माणूस कर्व्हमध्ये पदर सोडून ठेवतो, चार-साडेचार. तो पदर म्हणजेच वाया जाणारा गॅस. शिवाय पंख्याच्या पात्यांवर तुमच्या खात्यातला सुताचा कोंडा बसतो, गॅसचा दाब खालीवर होतो. हे सगळं दर मिनिटाला पाहून हवा बारीक बारीक आवळायची-सोडायची, हे काम माणसाच्यानं होत नाही. त्यासाठी ट्रिम.

पंख्याला ड्राइव्ह बसवलाय तेही पाहिलं. चांगलं केलंत. ऐंशी टक्के वेगाला वीज निम्म्यावर येते. पण ती वीज वाचली, गॅस नाही. दोन्हींची बेरीज करून शेठना एकच आकडा सांगत जाऊ नकोस. आणि ड्राइव्ह असूनही डँपर अर्धा बंद का?

रात्रीचं बोलतो. रात्री कापड रंगवायची जेट मशिनं बंद, दोनच जिगर चालू. भार साताठशे किलो. नवा बर्नर कागदावर आठास एक खाली उतरतो, म्हणजे तीन टनांच्या बॉयलरला पावणेचारशे किलोपर्यंत पेटता राहू शकतो. तरी तुझा बर्नर रात्रभर पेटतो-विझतो, पेटतो-विझतो. प्रत्येक वेळी पेटण्याआधी पर्ज होतो, आणि व्हायलाच हवा: पंखा पूर्ण जोरात, डँपर उघडा, आत साचलेला गॅस असेल तर बाहेर. पण त्या पर्जमध्ये थंड हवा तापलेल्या ट्यूबमधून धावते आणि आत्ताच पैसे मोजून साठवलेली उष्णता चिमणीला देऊन येते. का पेटतो-विझतो? कारण लो फायर, म्हणजे बर्नरची सगळ्यात खालची पायरी, कुणीतरी चाळीस टक्क्यांवर नेऊन ठेवलाय. का? खाली गेला की स्कॅनरला ज्वाळा दिसत नाही आणि बर्नर ट्रिप होतो. मी स्कॅनर काढून पाहिला. काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढा मळ! दोन मिनिटांचं पुसायचं काम टाळण्यासाठी तू रात्रभर गॅस जाळतोस. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

इथे माझा आवाज चढणार आहे, चढू दे. गॅस प्रेशर स्विचच्या टर्मिनलवर मला वायरचा एक छोटा तुकडा सापडला. जंपर. तो मी तुझ्यासमोर काढला नाही. शेठसमोर काढला आणि त्यांच्या हातात दिला. धोका दिसताच बर्नर बंद करणाऱ्या इंटरलॉकला वळसा घालणारा माणूस माझ्या वर्गातला असू शकत नाही. ऑक्सिजन आठ ठेवलास तर पैसे जातात. जंपर टाकलास तर तो फायरमन जातो, ज्याला तू डोळ्यांत दिवा येतो म्हणून चिकटपट्टी दिलीस. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा बॉयलर कायदा आला. किरकोळ चुकांसाठीची फौजदारी त्यात काढून टाकली, पण सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड आजही गुन्हाच आहे. आणि कायदा नसता तरी? पुन्हा असं दिसलं तर मी इन्स्पेक्टरना स्वतः फोन करीन. तुझं लग्न मी जमवलं होतं म्हणून काही माफ होणार नाही.

आता तो ९२. कुठल्या कॅलरीवर? नेट की ग्रॉस? तोंड बंद, कारण फळ्यावरचा आकडा तू विकणाऱ्याच्या कागदावरून उतरवलास. गॅसमधल्या हायड्रोजनचं पाणी होतं आणि ते वाफ होऊनच चिमणीतून जातं. त्या वाफेत दहा-अकरा टक्के उष्णता गेली. नेट धरणारा ती मोजतच नाही. आपल्याकडे ऊर्जा लेखापरीक्षण ग्रॉसवर होतं. ग्रॉसवर १०० मधून ती अकरा वजा कर, कोरड्या वायूंबरोबर जाणारी सात-आठ वजा कर, अंगातून बाहेर पडणारी दीड वजा कर. सगळं झकास असलं तरी ऐंशीच्या आसपास येशील, इकॉनॉमायझर लावलास तर थोडा वर. तुझा आजचा हिशेब मी केलाय, ७७ च्या पुढे जात नाही. तो फळा पुसून टाक. खडू मी आणून देतो.

शेठवर ढकलू नकोस. म्हणालास, शेठ स्पेअर प्रोब घेऊ देत नाहीत, वार्षिक सर्व्हिसचा करार नको म्हणतात. तू त्यांना कधी सांगितलंस, की ट्रिम बंद आहे? तू त्यांना ३.० लिहून दाखवत आलास. जो आकडा आधीच तीन आहे तो तीन करायला कोण पैसे देईल? ते नक्की चुकले कुठे, तर लाखांचा बर्नर घेताना त्यांनी साधा हातात धरायचा ॲनालायझर घेतला नाही. ते त्यांना मी सांगितलंय, तुझ्यादेखत, आणि त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि परचेस ऑर्डर यांत फरक असतो, मागे लाग.

उद्यापासून काय करायचं ते लिहून घे, मान हलवू नकोस. आधी फ्लँजचं गॅस्केट. मग प्रोबची वेगळी लाइन. प्रोब सिलिंडरमधल्या प्रमाणित वायूवर तपासून घे, बाहेरच्या हवेत धरल्यावर त्यानं २१ च्या जवळ दाखवलं पाहिजे. पंख्याची पाती धू. स्कॅनर दर पाळीला पुसायचा आणि पुसणाऱ्यानं सही करायची, खरी. त्यानंतरच सर्व्हिसवाल्याला बोलाव आणि त्याला घाई करू देऊ नकोस. गेल्या वेळी त्यानं फुल फायरला आकडे बसवले आणि खालचे अंदाजानं टाकले, कारण त्या दिवशी तुमचा माल निघायचा होता आणि बॉयलर खाली आणू दिला नाही. या वेळी लो फायरपासून वरपर्यंत दर टप्प्याला थांबायचं. हवा हळूहळू कमी करायची, कार्बन मोनॉक्साइडवर डोळा ठेवायचा. तो शंभर पीपीएमच्या पुढे सरकू लागला की थांबायचं, थोडी हवा परत द्यायची, तो बिंदू कंट्रोलरमध्ये साठवायचा. पुढचा टप्पा. अर्धा दिवस जाईल, जाऊ दे. रात्रीच्या भाराला बर्नर न विझता पेटता राहतो की नाही, हे तिथे उभं राहून बघ. सगळ्या टप्प्यांचे ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, चिमणीचं तापमान यांचा कागद पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. पासवर्ड सर्व्हिसवाल्याच्या फोनमध्ये राहतो तसा नको, एक प्रत सीलबंद तुझ्या कपाटात. मग ट्रिम ऑटोवर. त्यानंतर कुणी मॅन्युअलवर टाकला तर वेळ, कारण आणि नाव.

तुझ्या फायरमनला ओरडू नकोस. त्याला ॲनालायझर हातात दे आणि एकदा ८ चा आकडा त्याच्यासमोर ३ वर आणून दाखव. तो शिकेल, तुझ्यापेक्षा लवकर शिकेल, कारण त्याला अजून सगळं येतं असं वाटत नाही.

आणि हो, बाहेर निघताना मी गटाराकडे पाहिलं. जिगरचं कंडेन्सेट वाफाळत त्यात पडतंय, आणि फीड टँकचं पाणी ४५ अंश. फीड वॉटर सहा अंशांनी तापलं की एक टक्का गॅस वाचतो. ८५ पर्यंत नेलंस तर किती, ते घरी जाऊन काढ. तीन टक्क्यांसाठी बर्नर आणला आणि त्याच्या दुप्पट गटारात सोडतोस. पण ते आज नाही, आज माझा घसा बसलाय. रविवारी ये. पाइपलाइनचा नकाशा घेऊन ये, प्रत्येक स्टीम ट्रॅपवर खूण करून, आणि कुठला चालतो, कुठला फुंकतो ते तपासून. ऐकीव माहिती नको.